दाद न देणारा ताप

ही काचेची बशी जवळून पाहा. तिच्यावरचा फिकट थर म्हणजे टायफॉइडचे जिवाणू, एका आजारी मुलाच्या रक्तातून वाढवलेले. वर ठेवलेल्या कागदी चकत्यांमध्ये वेगवेगळी अँटिबायोटिक्स आहेत. औषध लागू पडलं की चकतीभोवती रिकामं वर्तुळ दिसतं. इथं मात्र जिवाणू चकत्यांना खेटून वाढलेत. एक नाही, दोन नाही, पाच औषधं वाया.

सिंध प्रांतातलं हैदराबाद, पाकिस्तान. नोव्हेंबर 2016. मुलांचा ताप उतरेना. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन यांचा उपयोग नव्हताच. सगळी भिस्त सेफ्ट्रिआक्सोनच्या इंजेक्शनवर. आता ताप त्यालाही दाद देईना.

रुग्णांची घरं नकाशावर मांडली गेली. लतिफाबाद आणि कासिमाबादमध्ये ठिपक्यांची दाटी, तीही सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या आसपास. संशय पाण्यावर आला. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब पडतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी तीच नळाला येते. ग्लासातलं पाणी तरीही नितळ दिसू शकतं. आई ते निर्धास्तपणे लेकराच्या हाती देते.

ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी कराचीच्या आगा खान विद्यापीठासोबत या जिवाणूचा जीनोम वाचला. सेफ्ट्रिआक्सोनला हरवणारं जनुक एका प्लाझ्मिडवर होतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं. हे बहुधा ई. कोलायकडून आलं, म्हणजे आपल्याच आतड्यातल्या नेहमीच्या रहिवाशाकडून. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. सर्दीसाठी घेतलेली अँटिबायोटिकची गोळी सर्दीच्या विषाणूला धक्काही लावत नाही, पण आतड्यातल्या चिवट जिवाणूंना रान मोकळं करून देते.

2018 मध्ये हैदराबादेत 6 महिने ते 10 वर्षांच्या मुलांना नवी लस टोचण्यात आली. ती तयार झाली होती भारतातल्या हैदराबादेत. नोव्हेंबर 2019 मध्ये तिला नियमित लसीकरणात घेणारा पाकिस्तान जगातला पहिला देश ठरला.

आजारी पडलेल्या मुलासाठी, घरी तोंडावाटे देता येईल असं एकच औषध हाताशी राहिलं होतं, अझिथ्रोमायसिन. बांगलादेशातल्या काही नमुन्यांत आता त्यालाही न जुमानणारे जिवाणू सापडलेत. त्यांना प्लाझ्मिडही लागलं नाही. एका जनुकातला एकच बदल पुरला.