शहर पाहायचं तर आधी पाणी विचारा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘पश्चिम भारतातली ऐतिहासिक शहरं: प्रवाशानं काय पाहावं, कसं पाहावं’. पुणे, छत्रपती संभाजीनगर, अहमदाबाद, पाटण, मुंबई, जुनं गोवं एवढी नावं मी संयोजकांना दिली होती. सगळी घेणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न. गेली पंचवीस वर्षं कुठल्याही जुन्या गावात उतरलो की पहिल्या भेटलेल्या माणसाला मी हाच प्रश्न विचारत आलोय. इथे पूर्वी पाणी कुठून यायचं?

किल्ला कोणी बांधला ते पाटीवर लिहिलेलं असतं. राजाचं नाव शाळेत पाठ झालेलं असतं. पण हजारो माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, म्हणजे रोज सकाळी हजारो घागरी भरल्या गेल्या. त्या कुठे भरल्या, कोणी भरल्या आणि कोणाला भरू दिल्या नाहीत, एवढं कळलं की ते शहर तुमच्याशी बोलायला लागतं.

लांब कशाला, आपल्या पुण्याचंच घ्या. हौद ज्याच्या नावात आहे अशी ठिकाणं सांगा बरं भराभर. हां, फडके हौद. काळा हौद. बदामी हौद, बरोबर. मागच्या रांगेतून आलं, नाना हौद. आणि साततोटी? ते नावही हौदाचंच, सात तोट्यांचा म्हणून साततोटी. चौकातून रोज जाता ना? आज घरी जाताना शेजाऱ्याला विचारा, कसल्या तोट्या. पंचहौद म्हटलं की आपल्याला १८९० सालचा तो चहा आठवतो. मिशनऱ्यांकडे टिळक-रानड्यांनी घेतलेला, आणि त्यानंतर उठलेलं ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद. चहाचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. ज्या पाच हौदांवरून त्या जागेला नाव मिळालं, त्यांची चौकशी मात्र कोणी करत नाही.

यातलं बरंच पाणी कात्रजचं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या खोऱ्यात तलाव बांधले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. अंतर आठ-दहा किलोमीटर. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. काही ठिकाणी माणूस उभा चालू शकेल एवढं दगडी भुयार, काही ठिकाणी नळ. वाटेत ठिकठिकाणी उभारलेले दगडी उच्छ्वास. उच्छ्वास हा शब्द मला फार आवडतो. वाहत्या पाण्याबरोबर हवा कोंडते, ती बाहेर पडायला वाट लागते, आणि साफसफाईसाठी माणसाला आत उतरायलाही. म्हणजे पाण्यालाही श्वास सोडायला जागा हवी, हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. धनकवडी-बिबवेवाडीकडून रोज ये-जा करणारे कितीतरी लोक या उच्छ्वासांच्या बाजूनं जातात. तेव्हा पुण्याला आलेल्या पाहुण्याला शनिवारवाडा जरूर दाखवा, पण आधी कात्रजला घेऊन जा आणि पाण्याच्या वाटेनं वाड्यापर्यंत या. आतल्या हजारी कारंज्यापाशी पोचेपर्यंत त्या कारंज्याचा अर्थच बदललेला असेल.

आता संभाजीनगर. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, संयोजकांनी समजून घ्यावं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका सहल कंपनीच्या बसनं तिथे गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, तिनं केलं तेच बाकीचेही करत होते. एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि हिमरू शालींचं दुकान. दुकानाला पाऊण तास आणि पाणचक्कीला पंधरा मिनिटं! मार्गदर्शकानं जात्याकडे बोट दाखवलं, ‘ये पानी से चलता था’ म्हणाला आणि घड्याळ पाहिलं. लोकांनी फोटो काढले. एका लहान मुलीनं विचारलं, ‘बाबा, पण पाणी इतक्या उंचावरून कसं पडतंय?’ वडील म्हणाले, ‘चल, बस सुटेल.’ मंडळी, त्या पोरीनं विचारलेला प्रश्न हा त्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही. ती रुखरुख मला अजून आहे.

मी बस सोडली. सामान उतरवून घेतलं आणि तिथल्या हौदाच्या कडेला बसलो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते हसले. म्हणाले, ‘ये तो कोई पूछताच नहीं. चलो, दिखाता मैं.’ पुढचे तीन तास आम्ही चालत होतो.

त्यांनी आधी मला पाणचक्की नीट दाखवली. पाणी दुरून, डोंगराच्या बाजूनं बंद नळातून येतं. उगम उंचावर आहे, त्यामुळे नळ सखल भागातून आला तरी शेवटी पाणी भिंतीतून पुन्हा वर चढतं. पाणी आपली पातळी धरू पाहतं, एवढाच नियम. मग ते वरून पडतं, त्यातला एक झोत खालच्या पात्यांच्या चाकावर येतो, चाक फिरलं की वरचं जातं फिरतं. बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी तिथे पीठ दळलं जायचं. आणि ज्या हौदाच्या काठावर आम्ही बसलो होतो, त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत! डोक्यावर पाण्याचा हौद आणि खाली खांबांवर उभं थंडगार दालन. वैशाखात तिथे उतरून पाहा.

मग त्यांनी मला शहरात नेलं. एका रिक्षा थांब्याच्या मागे विटा-चुन्याचा जुना मनोरा उभा होता. तिथल्या दोघातिघांना विचारलं, हे काय? एक म्हणाला, जुन्या गिरणीचं धुराडं. दुसरा म्हणाला, कोणाची तरी कबर असेल. तो पाण्याचा मनोरा होता. खालच्या नळातलं पाणी त्यात वर चढायचं, कोंडलेली हवा सुटायची, दाब मोडायचा, म्हणजे खापरी नळ फुटायचे नाहीत, आणि पाणी दुसऱ्या बाजूनं पुढच्या नळात उतरायचं. पुण्याचा उच्छ्वास आणि हा मनोरा, दोघं एकाच घराण्यातले.

हे मूळ डोकं मलिक अंबरचं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्यानं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि पुढच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी बांधली. औरंगाबाद हे नाव नंतरचं, बावन्न दरवाजांची कीर्तीही नंतरची. जमिनीखालून झिरपणारं पाणी गोळा करायचं आणि निव्वळ उतारानं शहरात खेळवायचं, ही त्याची योजना. पुढच्या राज्यकर्त्यांनी आणखी नहरी काढल्या. मलिक अंबरचा गनिमी कावा आपण शिकतो, जमीनमहसुलाची पद्धत शिकतो, त्याची नहर मात्र अभ्यासक्रमात नाही. यावर मला फार बोलायचंय, पण ते पुन्हा कधी.

अहमदाबाद. १४११ मध्ये अहमदशहानं साबरमतीकाठी वसवलं. नदी काठाशी असताना पाण्याची काय चिंता, असं वाटेल. पण पोळांमधली, म्हणजे फाटकाच्या आतल्या गल्ल्यांमधली, जुनी घरं नदीवर अवलंबून नव्हती. एका पोळात मी चौकात घुटमळत होतो, तर ओट्यावरच्या आजींनी, तिकडे ‘बा’ म्हणतात, आत बोलावलं. मी टांकं दाखवा म्हटल्यावर त्यांचा चेहराच फुलला. नातवाला आरसा आणायला पाठवलं. चौकातल्या फरशीवरचं पितळी झाकण उचललं, आणि त्या मुलानं अंगणातलं ऊन आरशात धरून खाली सोडलं. मंडळी, माझ्या पायाखाली एक अख्खी खोली होती. चुन्यानं लिंपलेली, आणि तिच्यात आरशासारखं स्थिर पाणी. पहिला पाऊस वाहू द्यायचा, छप्पर धुऊन निघालं की मग नळ टांक्याकडे वळवायचा. आत ऊन जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही. वर्षभर प्यायला तेच. बा म्हणाल्या, या पाण्यात डाळ लवकर शिजते. विहिरीच्या जड पाण्यात ती शिजत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजी सांगतील.

२०१७ मध्ये अहमदाबाद भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं. लोक तिथल्या कोरीव लाकडी खिडक्या बघतात, जरूर बघाव्यात, पण माना वर असल्यामुळे पायाखालचं झाकण राहून जातं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, भराभर घेतो.

पाटण. शंभराची जांभळट नोट खिशात असेल तर काढा. मागच्या बाजूला आहे ती राणी की वाव. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. उदयमती राणीनं पती पहिल्या भीमदेवाच्या स्मरणार्थ अकराव्या शतकात बांधली. सात मजले खाली उतरणारी, भिंतीभर विष्णूचे अवतार. सरस्वतीच्या पुरांचा गाळ भरला आणि शतकानुशतकं ती गाडली गेली, म्हणूनच शिल्पं इतकी ताजी राहिली. १९८० च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं तिला मोकळं केलं. पण तिथून परत फिरू नका. जवळच सिद्धराज जयसिंहाचा सहस्रलिंग तलाव आहे. नदीचं पाणी तलावात घेण्याआधी गाळ खाली बसावा म्हणून केलेला गोल रुद्रकूप तिथे आहे. वाव राणीची आठवण आहे आणि तलाव हा शहराचा संसार. दोन्ही एका सकाळी होतात.

मुंबई. मुंबईची जुनी तळी आता पाट्यांवर राहतात. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं आलं आणि हळूहळू तळी बुजत गेली. जिवंत पाहायचं असेल तर वाळकेश्वरचं बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोडं. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर, १७२५ ची, तीही तशीच. तिथे आत फक्त पारशी मंडळींना प्रवेश असतो, बाहेरून नमस्कार करावा.

जुनं गोवं याच यादीत मुद्दाम घेतलं. एके काळचं केवढं वैभवशाली शहर, आणि साथींच्या रोगांनी माणसं ते सोडून गेली. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. तिथल्या चर्चमध्ये उभं राहाल तेव्हा भोवतीची झाडी बघा, तिथे घरं होती.

व्यवहाराच्या गोष्टी. वाव किंवा बारव दोनदा पाहावी. एकदा वैशाखात, पाणी खाली जातं आणि तळाच्या पायऱ्या दिसतात तेव्हा, आणि एकदा श्रावणात. अहमदाबादजवळच्या अडालजच्या वावेला भर दुपारी जा, बाहेर होरपळ असताना प्रत्येक मजल्यागणिक गारवा वाढत जातो तो अंगाला कळू द्या. पाणचक्कीला पावसाळ्यानंतर जा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, त्याप्रमाणे दिवस लावा. अहमदाबादला सकाळी लवकर काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून महापालिकेची वारसा फेरी निघते, तिच्याबरोबर चाला. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, विरुबाई भोसल्यांनी बांधलेली, १७१९ ते १७२४. महामार्गावरून जाताना पाऊण तास काढा.

आता शेवटचं. सुरुवातीला मी म्हटलं, पाणी कोणाला भरू दिलं नाही, हेही विचारायचं. पुण्याची हौदांची फेरी गंज पेठेत फुलेवाड्याला गेल्याशिवाय पुरी करू नका. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. म्हणजे कात्रजचं पाणी या शहरात खेळत होतं तेव्हाही याच शहरातली माणसं तहानलेली होती. महाडला चवदार तळ्यावर १९२७ मध्ये काय घडलं, ते मी इथे सांगायला नको.

आणि म्हणून अहमदाबादला असारव्यात जा. दादा हरीरची वाव. अडालजच्या मानानं तिथे गर्दी नसते. बाई हरीर ही महमूद बेगड्याच्या जनानखान्याची व्यवस्था पाहणारी स्त्री. तिनं १४९९ च्या सुमारास ही वाव बांधवली. पायऱ्या उतरताना भिंतीत दोन शिलालेख लागतात, एक अरबी, एक संस्कृत. संस्कृत लेखात ही विहीर कोणासाठी, ते लिहिलंय. चारी दिशांनी येणाऱ्या, तहानेनं व्याकूळ झालेल्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जिवांसाठी. माणसं, जनावरं, पक्षी, झाडं, सगळे. सकाळी दहाच्या आत जा, उजेड तिरपा येतो तेव्हा अक्षरं उठून दिसतात.