सांडणीवरून पेटलेली भाऊबंदकी

नमस्कार मंडळी.

आखातात इतकी वर्षे राहूनही आपल्यापैकी बहुतेकांचा अरबी मालिकांशी संबंध शेजारच्या घरातून ऐकू येणाऱ्या आवाजापुरताच राहतो. आज मी एकाच मालिकेविषयी बोलणार आहे: ममदूह अदवान यांनी लिहिलेली आणि हातिम अली यांनी दिग्दर्शित केलेली, २००० सालची सीरियन मालिका ‘अल्-झीर सालिम’.

तग्लिब आणि बक्र या इस्लामपूर्व अरबस्तानातल्या दोन टोळ्या, दोन्ही वाइल या एकाच मूळपुरुषाच्या वंशातल्या. तग्लिबांचा प्रमुख कुलैब, आणि त्याची बायको जलीला ही बक्रांची लेक. बसूस नावाच्या स्त्रीच्या आश्रयाला आलेल्या पाहुण्याची सांडणी कुलैबाच्या राखीव कुरणात शिरली, त्याने तिला बाण मारला, आणि बसूसच्या भाच्याने, जस्सासने, आश्रिताचा अपमान तो आपला अपमान मानून कुलैबाला ठार केले. हा जस्सास जलीलेचा सख्खा भाऊ. परंपरेप्रमाणे त्यातून पेटलेले युद्ध ४० वर्षे चालले. याला आपल्याकडे भाऊबंदकी हा नेमका शब्द आहे. (मालिकेचे भागही ४०च आहेत, योगायोग की योजना, कोण जाणे.)

ही कथा दोन रूपांत उरली आहे. एक रूप जुन्या कवींच्या ओळींचे आणि टोळ्यांच्या लढायांच्या वृत्तांतांचे. दुसरे ‘सीरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकमहाकाव्याचे, जे दमास्कसच्या कॉफीखान्यांत हकवाती, म्हणजे कथेकरी, रात्रीमागून रात्र रंगवून सांगत. सीरेतला कुलैबाचा धाकटा भाऊ सालिम सिंहाला वठणीवर आणतो आणि पेटीत घालून समुद्रात सोडला तरी जिवंत राहतो. ‘झीर’ म्हणजे बायकांच्या सहवासात रमणारा. जुन्या वृत्तांतांत हाच भाऊ मुहलहिल नावाचा कवी आहे.

मानवी मालिका करायची म्हणजे चमत्कार गाळायचे, अशी आपली समजूत असते. ते सोपे काम आहे. सिंह काढून टाकल्याने कोणी आपोआप माणूस होत नाही. माझ्या मते या मालिकेचे मर्म असे की तिने माणूस नव्याने घडवण्यापेक्षा जुन्या ओळींत तो आधीच होता हे ओळखले, आणि सल्लूम हद्दाद यांनी साकारलेला झीर हा अजिंक्य वीर न राहता शोकालाच धंदा करून बसलेला मनुष्य झाला. संवाद अभिजात अरबीत असल्यामुळे त्या ओळी पात्रांच्या तोंडी उपऱ्या वाटत नाहीत.

अल्-हारिस बिन अब्बाद पाहा. तो बक्रांपैकीच, पण युद्धापासून अलिप्त राहिला. ‘यात माझी ना सांडणी, ना उंट’ हे त्याच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य अरबीत आजही म्हण म्हणून वापरतात. आपण ‘ना घेणे ना देणे’ म्हणतो तसे. मुहलहिलाने त्याच्या बुजैर या तरुण आप्ताला मारले, तेव्हा हारिसाला वाटले की कुलैबाच्या बदल्यात हा जीव गेला असेल तर निदान युद्ध तरी मिटेल. उत्तर आले की हा तर केवळ कुलैबाच्या वहाणेच्या बंदाचा मोबदला. त्या उत्तराने तटस्थ म्हातारा घोड्यावर बसला.

पण खरी कसोटी जलीलेची. नवऱ्याच्या शोकसभेतून तिला खुन्याची बहीण म्हणून बाहेर काढले गेले. तिच्या नावाने आलेल्या विलापिकेत ती मृत पतीला म्हणते की काळाने तुझ्यासह माझ्या दोन्ही घरांची छपरे पाडली. अनुवादकांना या ‘दोन घरां’साठी तळटीप द्यावी लागत असेल, मराठी वाचकाला सासर आणि माहेर म्हटले की पुरे.

ती गरोदर होती. मुलगा हिज्रिस आजोळी वाढला, आणि जुन्या वृत्तांतानुसार त्याला वाढवून आपली मुलगी देणारा मामा जस्सासच होता. पुढे सत्य कळल्यावर हिज्रिसने त्याला मारले, हे सर्वांना ठाऊक असते. मला मात्र त्याआधीची वर्षे खुणावतात: एकाच तंबूत मामा भाच्याला जेवायला वाढतो आहे, आणि समोर बसलेल्या जलीलेला ठाऊक आहे की हा हात कोणाच्या रक्ताने माखला होता.