आधी तेल ओळखा, मग सीलला हात लावा

मंडळी, होडीच्या मोटरच्या मागे पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की लोक विचारतात, "कुठलं सील गेलं असेल?" (सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं, तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं रबरी कडं.) मी उलट विचारतो, तेल कुठलं आहे? एका आउटबोर्ड मोटरमध्ये, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनात, चार तेलं असू शकतात. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल, खाली पंख्याच्या गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल, मोटर वर-खाली करणाऱ्या पॉवर ट्रिमचं तेल, आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचं वेगळं.

थेंब बोटावर घ्या आणि हुंगा. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. वापरलेलं इंजिन ऑइल काळपट दिसतं, ट्रिमचं पातळ आणि बऱ्याचदा लालसर. रंगावर फार विसंबू नका, तो कंपनीगणिक बदलतो. आणि हो, तवंगावर साबण ओतू नका. त्याने तेल जात नाही, बारीक होऊन पाण्यात मिसळतं.

काही वेळा गळती नसतेच. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरला पेट्रोलमध्येच तेल घालतात, अनेकदा 50 ला 1 या प्रमाणात, आणि त्यातलं बरंचसं न जळता धुराबरोबर बाहेर पडतं. पुष्कळ मोटरींचा धूर पंख्याच्या मधूनच सुटतो. त्यामुळे मोटर उचलून ठेवली की पंख्यातून काळे, चिकट थेंब पडतात. ते पाहून चांगला गिअरबॉक्स उघडून बसलेले लोक कमी नाहीत! गिअर ऑइलची पातळी जागच्या जागी असेल तर त्या थेंबांमुळे सील बदलायचं कारण नाही.

आता समजा, गिअर ऑइलच गळतंय. पहिलं काम, पंखा काढा. शाफ्टभोवती, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याभोवती, मासेमारीचा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला सापडण्याची शक्यता चांगलीच असते. फिरता फिरता तो सीलपर्यंत शिरतो आणि त्याची कड कापतो. पंखा जागेवर असताना हे दिसत नाही. मग तेल भरायच्या-काढायच्या दोन्ही प्लगांचे वॉशर बघा. दर वेळी नवे टाकायचे असतात, पण जुनेच पुन्हा बसवले जातात.

तेल काढण्याआधी मोटर रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खालचा प्लग किंचित सैल करा. पाणी तळाशी बसतं, म्हणून असेल तर तेच आधी येईल. तेल दुधाळ निघालं तरी अर्थ तोच, पाणी आत शिरलंय. चालून तापलेला गिअरबॉक्स पाण्यात थंड होतो, आतली हवा आणि तेल आकसतं आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेर गेलेल्या तेलापेक्षा मला या पाण्याची जास्त धास्ती वाटते, कारण त्याने बेअरिंग गंजतात. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. धातूचे तुकडे असतील तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

नेमकी जागा शोधायला दाबाची चाचणी करा. तेल काढून, एका प्लगच्या जागी गेज असलेला हातपंप लावायचा आणि साधारण 10 ते 15 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरायची. तुमच्या मोटरच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच पाळा, जास्त दाबाने चांगलं सीलही उखडतं. साबणाचं पाणी फवारा, शाफ्ट हाताने फिरवा, गिअर टाकून पाहा. काही सील स्थिर असताना हवा धरतात आणि फिरताना सोडतात. त्यानंतर निर्वात लावूनही, म्हणजे आतली हवा खेचून घेऊनही तपासा, कारण बाहेरून येणारं पाणी अडवणारी कड वेगळी असते.

इंजिन ऑइलचं मी थोडक्यात सांगतो. छत जिथे टपकतं तिथेच भेग असते असं नाही, तसंच इथेही. सगळं पुसून कोरडं करा, मोटर थोडा वेळ चालवा आणि सर्वांत वरची ओली जागा शोधा. डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) पातळी आपोआप वाढली असेल तर तेलात पेट्रोल उतरतंय. आणि मोटर आडवी ठेवायची तर पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूवरच ठेवा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये शिरतं.

मघाशी एकाने विचारलं, नवं सील टाकलं तरी पुन्हा गळतंय, असं का? शाफ्टवर नख फिरवून बघा. जुन्या सीलने तिथे खाच पाडली असेल तर नवं सील त्याच खाचेवर बसतं आणि तेल धरत नाही. मग त्यावर बाही (धातूची पातळ नळी) चढवावी लागते किंवा शाफ्टच बदलावा लागतो.