लाइन अप, प्रोटोकॉल डाउन

(दृश्य: जुना रॅक, कॅमेरा जाड केबलच्या टोकाशी थांबतो.)

निवेदन : राउटर आणि मोडेम जोडणारा हा 34 पिनांचा व्ही.35 कनेक्टर नीट पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे पिळावे लागतात. एकच बाजू आधी आवळली, तर तो तिरका बसतो, एखादी पिन वाकते आणि पुढचा अर्धा दिवस दोष शोधण्यात जातो. ब्रॉडबँड येण्यापूर्वी बेळगावातील एखाद्या सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय आणि तिची निपाणीची शाखा फ्रेम रिलेने, म्हणजे दूरसंचार कंपनीच्या सामायिक नेटवर्कमधून आखून दिलेल्या मार्गाने, जोडायची झाल्यास कामाची सुरुवात अशा केबलपासून होत असे.

भारतात तेव्हा डिजिटल लाइन म्हणजे प्रामुख्याने ई-1. तिचा वेग सेकंदाला 2.048 मेगाबिट असून तिच्यात प्रत्येकी 64 किलोबिटचे 32 टाइमस्लॉट (वेळेचे कप्पे) असतात. त्यांपैकी शून्य क्रमांकाचा स्लॉट फ्रेमची, म्हणजे 32 स्लॉटांच्या एका फेरीची, सुरुवात ओळखण्यासाठी राखलेला असतो. अमेरिकी टी-1 मध्ये 24 वाहिन्या आणि 1.544 मेगाबिट, त्यामुळे तिकडची माहितीपुस्तिका पुढ्यात ठेवून काम करणाऱ्याने लाइन कोडिंगपाशी, म्हणजे बिट तारेवर विद्युत्-स्पंदांत मांडण्याच्या पद्धतीपाशी, थांबावे, कारण आपल्याकडे तेथे एचडीबी-3 ही पद्धत लागते. 256 किलोबिटची जोडणी घेतली असेल, तर चार स्लॉट मिळतात. मात्र ते कोणते, हे दूरध्वनी केंद्राला विचारल्याशिवाय राउटरमध्ये भरू नये.

(दृश्य: मोडेमवरचा हिरवा दिवा.)

या कामात नवख्या माणसाला सर्वाधिक फसवतो तो हा दिवा. निपाणीच्या टोकावरून फोन येतो, “अण्णा, लाइट हिरवा लागलाय, पण पिंग काही जात नाही.” पिंग म्हणजे पलीकडचे उपकरण उत्तर देते का, हे पाहणारा चाचणी-संदेश. बेळगावचा जाणता तंत्रज्ञ आधी एकच विचारतो, “क्लॉक कुणाकडून घेतलास?” क्लॉक म्हणजे बिटांची लय ठरवणारे घड्याळ. दोन्ही टोके आपापल्या घड्याळावर चालली, तर लाइन पडत नाही, पण दोन घड्याळांतला सूक्ष्म फरक साचत जातो, ठरावीक अंतराने बिट निसटतात आणि चुकांचा आकडा हळूहळू चढत राहतो. म्हणून आपले उपकरण लाइनकडून क्लॉक घेणारे ठेवावे आणि वेळ सांभाळण्याचे काम नेटवर्कवर सोपवावे. तरीही चुका थांबल्या नाहीत, तर लूप टाकून, म्हणजे पाठवलेला डेटा वाटेतूनच परत वळवून, एकेक तुकडा तपासावा, आणि काम होताच तो लूप आठवणीने काढावा. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण विसरलेल्या लूपपायी रात्री उशिरा पुन्हा निपाणी गाठलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

लाइन शुद्ध झाली, तरी राउटर कधी कधी ‘लाइन अप, प्रोटोकॉल डाउन’, म्हणजे तार जोडलेली पण संवाद बंद, असे सांगतो. राउटर साधारणपणे दर 10 सेकंदांनी केंद्रातल्या स्विचला हालहवाल विचारतो आणि दर सहाव्या खेपेस सर्व मार्गांची पूर्ण यादी मागतो. या विचारपुशीला एलएमआय म्हणतात. तिचे तीन प्रकार रूढ आहेत: ॲन्सी या अमेरिकी मानक संस्थेचा, क्यू.933 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या परिशिष्ट ‘अ’चा आणि सिस्को कंपनीचा. पहिले दोन शून्य या डीएलसीआयवर (मार्गाच्या क्रमांकावर) बोलतात, तर तिसरा 1023 वर. स्विच एका प्रकाराची वाट पाहत असताना राउटर दुसऱ्यात बोलत राहिला, तर तारा ठणठणीत असूनही उत्तर येत नाही.

डीएलसीआय हा मार्गाचा क्रमांक केवळ आपल्या टोकापुरता खरा असतो. बेळगावच्या बसस्थानकात निपाणीची गाडी ज्या फलाटाला लागते, तोच क्रमांक तिला निपाणीतही मिळेल, असे कोणी धरून चालत नाही, हिशेब तोच. बेळगावात 102 आणि निपाणीत 201 असणे पूर्णपणे बरोबर आहे.

राउटर त्या मार्गाची जी अवस्था दाखवतो, तिच्याकडे मात्र बारकाईने पाहावे. ‘डिलीटेड’ दिसले, तर स्विचला तो क्रमांकच माहीत नसतो, म्हणजे आपण आकडा चुकलो किंवा केंद्रात नोंद झालेली नाही. ‘इनॅक्टिव्ह’ दिसले, तर आपल्याकडचे काम बहुधा ठीक असते आणि अडचण पलीकडच्या टोकाला असते. बेळगावात बसून राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही साधत नाही. दोन टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर असतील, तर एन्कॅप्सुलेशन (डेटा फ्रेममध्ये बांधण्याची पद्धत) दोन्हीकडे आयईटीएफ, म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेले, ठेवावे.

(दृश्य: निपाणीची शाखा, कॅबिनेटचे उघडे दार.)

पिंगचे उत्तर आले की तंत्रज्ञ स्लॉट, क्लॉक, एलएमआय आणि डीएलसीआय कागदाच्या पट्टीवर लिहितो, पट्टी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो आणि दार लावून घेतो.