रविवारची माणसं

(दृश्य: पंचायत सभागृह. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जात आहेत. माइकची शिट्टी. "हॅलो, हॅलो... मागे ऐकू येतं?")

निवेदन:
गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारी भरते. सकाळचा मासळीबाजार उरकून, घरी जेवणाचं सांगून माणसं पंचायतीकडे निघतात. मागच्या खुर्च्या आधी भरतात. पुढच्या रांगेत सहसा कोणी बसत नाही. तिथं बसलं की सरपंचांची नजर पडते, आणि नजर पडली की बोलावं लागतं.

आज जी माणसं आपण पाहणार आहोत, ती आपणहून पुढे बसतात. हातात वही असते, आणि वहीत मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत. पंचायत सचिव त्यांना लांबूनच ओळखतात. ही ओळख सगळ्याच सचिवांना आवडते असं नाही.

(दृश्य: फोंडा तालुक्यातलं एक सभागृह. समई, झेंडूच्या माळा, टेबलावर प्रमाणपत्रांची चळत.)

निवेदन:
समाजनेतृत्वाच्या अभ्यासक्रमाची नवी तुकडी आज बाहेर पडते आहे. वर्ग शनिवार-रविवारचे. शिकायला आल्या होत्या अंगणवाडी सेविका, स्वयंसाहाय्य गट चालवणाऱ्या बायका. टेम्पो चालवणारे होते, कॉलेजची मुलं होती, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, आणि जत्रेच्या नाटकात वर्षानुवर्षं राजाची भूमिका करणारे एक काका. काकांना माइकची भीती कधीच नव्हती. त्यांना दोन मिनिटांत थांबायला शिकवावं लागलं.

समोर बसलेत ते आधीच्या तुकड्यांतले जुने विद्यार्थी. नव्यांचं कौतुक करायला आलेत. पण चहाच्या सुट्टीत त्यांच्या घोळक्याजवळ उभं राहिलं तर ऐकू येतं ते कुणाच्या गावात कचऱ्याची शेड कुठं होणार, आणि कुणाच्या वाड्यावर नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच.

पाहुण्यांचं भाषण आम्ही कापलं आहे. ते लांब होतं, आणि त्यातलं बहुतेक तुम्ही दुसरीकडे ऐकलेलं आहे.

आणखी एक सांगायला हवं. या फिल्ममध्ये कुणाच्या नावाची पट्टी दिसणार नाही. जुन्या विद्यार्थ्यांनीच तसं सुचवलं. गाव लहान, नातीगोती दाट. नाव पडद्यावर आलं की पहिला प्रश्न येतो, हा कुठल्या पक्षाचा? मग त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी सगळ्या वाड्यांवर फिरणं जड जातं.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर लिहिलं आहे: "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.")

निवेदन:
हा विषयपत्रिकेवरचा पहिला विषय. सचिव भरभर वाचतात, कुणीतरी "मंजूर" म्हणतं, आणि सभा पुढे सरकते. अभ्यासक्रमाचा पहिला धडा इथेच आहे. सभेत तुम्ही कितीही तळमळीनं बोला, इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच लिहिलं गेलं तर पुढच्या सभेत तुमच्या हाती काही नाही. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, विरोध कशाला झाला, हे कागदावर यायला हवं.

त्यासाठी सरावाची ग्रामसभा भरवतात. एक सरपंच होतो, एक ठेकेदार, एक चिडलेला गावकरी. गंमत अशी की प्रत्येकाला चिडलेला गावकरीच व्हायचं असतं. मग शिकवणारे सर्वांत जास्त चिडणाऱ्याला सचिवाच्या खुर्चीत बसवतात आणि सांगतात, आता दुसरे जे बोलतील ते लिही. आमच्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातली ही सर्वांत हुशार युक्ती आहे.

कागद मागायचा हक्क गोव्याला तसा जुना. देशाचा माहिती अधिकार कायदा 2005 चा, पण गोव्यानं स्वतःचा कायदा 1997 मध्येच केला होता. हक्क असणं आणि खिडकीपाशी उभं राहून तो बजावणं यात अंतर राहतं. पहिला अर्ज लिहिताना हात थरथरला होता, असं आता सराईतपणे अर्ज करणारेही सांगतात.

(दृश्य: हिरवी शेतं, मागे नव्या इमारतींचे सांगाडे. रस्त्याकडेला जमीनविक्रीचे फलक.)

निवेदन:
एवढी मेहनत ग्रामपंचायतीवरच का? महाराष्ट्रात ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांच्यामध्ये पंचायत समिती असते. गोव्यात तो मधला टप्पा नाही. लोकसंख्या 20 लाखांच्या आत असलेल्या राज्यांना तो वगळायची मुभा घटनेनंच दिली आहे. गावाच्या वर थेट जिल्हा पंचायत. गावात घर बांधायचं असो की मोठा गृहप्रकल्प, बांधकाम परवान्यावर पंचायतीची सही लागते. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या मुलखात ही सही केवढी मोठी गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको.

जुन्या विद्यार्थ्यांतले काही जण आणखी मागची गोष्ट सांगतात. 2011 पर्यंत कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा 2011 विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द केल्याची घोषणा झाली. त्या काळात गोव्यातली साधी माणसं पहिल्यांदा नकाशे पसरून बसली. सेटलमेंट म्हणजे वस्तीची जागा कुठं, ऑर्चर्ड म्हणजे बागायत कुठं, आपल्या देवराईवर कुठला रंग मारलाय, हे बोट ठेवून विचारू लागली. जमिनीचा मालक आणि कूळ दाखवणारा एक-चौदाचा उतारा वाचायला अनेक जण तेव्हाच शिकले. आजच्या वर्गात नकाशावाचनाचा तास ठेवला आहे तो त्यातूनच आला.

(दृश्य: मांडवीच्या काठचा बांध. मानशीचं लाकडी दार, पलीकडे खाजन शेती.)

निवेदन:
हे खाजन. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधानं अडवून केलेली शेती. बांधात जिथे वाट ठेवली आहे ती मानस. ओहोटीला दार बाहेर उघडतं, शेतातलं पाणी निघून जातं. भरतीला पाण्याच्या दाबानंच दार मिटतं. इथं खाऱ्या जमिनीला सोसणारं कोरगुट भात पिकतं, आणि दारापाशी मासळी सापडते. ती पकडण्याच्या हक्काचा लिलाव कूळ संघटना, म्हणजे शेत कसणाऱ्यांची संघटना, करते. लिलावाच्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी, हा नियम.

इथल्या संघटनेचे आताचे चिटणीस अभ्यासक्रमाच्या जुन्या तुकडीतले. शेती पडीक होत गेली तशी मानशीतली मासळी भातापेक्षा महाग झाली. कोळंबीसाठी दार वेळी-अवेळी उघडं ठेवलं की खारं पाणी शेतात शिरतं. पडीक शेताची तक्रार करणारा कोण? आणि शेत पडीक का, तर खारं पाणी शिरतं म्हणून. हे चक्र कुठंतरी तोडायचं होतं.

(मुलाखत: चिटणीस, बांधावर चालताना.)

"मी कुणाला चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर अर्धा गाव माझ्याशी बोलायचा बंद झाला असता. मी एवढंच म्हटलं, जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लावूया. लिलाव केवढ्याला गेला, बांधाला किती घातले, मजुरी किती."

निवेदन:
हिशेब फळ्यावर लागला. पहिले काही दिवस लोक तो वाचायचे आणि काही न बोलता घरी जायचे. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, एवढी माती कुठल्या बांधावर पडली, मला दाखव. चिटणीस त्यांना घेऊन गेले, आणि मागोमाग आणखी चारजण. पुढच्या लिलावात दार कधी उघडायचं, कधी नाही, याची अट कागदावर आली. सगळं खाजन पुन्हा हिरवं झालं, असं म्हणायला आम्ही तयार नाही. कॅमेऱ्यात उजवीकडे दिसतं ते अजून पडीकच आहे.

(दृश्य: सत्तरी तालुका. काजूच्या बागा, डोंगरउतार.)

निवेदन:
सत्तरीत प्रश्न वेगळा. म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं. त्याच्या आधीपासून डोंगरावर कसणारी कुटुंबं इथं आहेत. वनहक्क कायदा आला 2006 मध्ये. कसत असलेल्या जमिनीवरचा दावा मंजूर व्हायचा तर ग्रामसभेचा ठराव हवा, आणि त्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांनी 13 डिसेंबर 2005 च्या मागे तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची जंगलातली वस्ती दाखवायची. घरात कागद निघतात ते पोर्तुगीज अमदानीतले, आणि ते वाचणारे आता थोडे.

कोरमअभावी सभा तहकूब झाली, हे वाक्य इथल्या लोकांना पाठ झालं होतं. एका स्वयंसाहाय्य गटाची प्रमुख अभ्यासक्रम करून परत आली आणि तिनं दिनदर्शिका काढली. सभा ठेवली होती ऐन काजूच्या हंगामात. बोंडू गोळा करायला पहाटे डोंगरावर गेलेलं माणूस सभेला येणार कसं? तारीख पुढे ढकलावी, असा अर्ज तिनं दिला. मग मतदार यादी घेऊन वाड्यावाड्यावर गेली. बायकांना विचारलं, कुठल्या वेळेला जमेल? याआधी ही वेळ त्यांना कुणी विचारली नव्हती.

(मुलाखत: गटप्रमुख, काजूच्या झाडाखाली.)

"सासू म्हणाली, तू जाऊन काय बोलणार गे? म्हटलं, मी नाही, तुम्हीच बोला. कायद्यात जाणत्या माणसांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. ही बाव कोणी खणली, हा बांध कोणी घातला, ते तुम्हालाच माहीत."

निवेदन:
सासूबाई आल्या. शेजारणींना घेऊन आल्या. कोरम भरला. दाव्यांची पुढची वाट लांब आहे: उपविभागीय समिती, जिल्हा समिती, मोजणी. पण ग्रामसभेच्या पायरीवर अडकलेलं काम सुटलं ते बोंडूंचा हंगाम लक्षात घेतल्यामुळे.

(दृश्य: डिचोली तालुका. बंद पडलेल्या खाणीचा खड्डा, गंजलेले टिप्पर.)

निवेदन:
डिचोलीत 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं खाणकामाच्या 88 लीझ रद्द केल्या. टिप्पर दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते चालू राहिले. अशा घरातला एक मुलगा या अभ्यासक्रमाला आला तो, त्याच्याच शब्दांत, "काहीच काम नव्हतं म्हणून". आता तो जिल्हा खनिज निधीतून खाणग्रस्त गावांसाठी काय मागता येतं, त्याचे अर्ज शेजारच्या गावांनाही लिहून देतो.

(दृश्य: चवथीची माटोळी. नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, तोरिंग, रानातली फळं.)

निवेदन:
आणि ही माटोळी. गणपतीवर टांगलेला हा रानाचा मांडव पाहून एका शिक्षिकेनं ठरवलं, गावाची जैवविविधता नोंदवही इथूनच लिहायला घ्यायची. 2002 च्या कायद्याप्रमाणे अशी नोंदवही करायचं काम गावच्या समितीकडे असतं. तिनं मुलांना घरोघर पाठवलं: कुठलं फळ, कुठल्या डोंगरावरून आणलं, आजोबांच्या वेळी कुठं मिळायचं? काही फळांसमोर मुलांनी लिहून आणलं, "बाजारातून विकत." समितीच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली ती याच नोंदींवर.

(दृश्य: पुन्हा समारंभ. गटफोटो.)

निवेदन:
सगळेच टिकले असं नाही. काहींनी प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आणि तिथेच थांबले. काही नोकरीसाठी आखातात गेले, काही जहाजावर. एकीनं गावातल्या भांडणाला कंटाळून सभेला जाणंच सोडलं. ती आज आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे, आणि नव्या मुली तिच्याभोवती गोळा झाल्या आहेत. कधी माघार घ्यावी हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे, असं जुन्यांपैकी एक जण आम्हाला हळूच म्हणाला.

मतभेदही आहेत. जुन्या विद्यार्थ्यांनी पंचायतीची निवडणूक लढवावी की नाही? काहींचं म्हणणं, पंच झाल्याशिवाय काही हलत नाही. बाकीचे म्हणतात, पंच झाला की प्रश्न विचारणारा एक माणूस गेला. 2022 च्या ऑगस्टमधल्या निवडणुकीपासून हा वाद चालू आहे, आणि आजच्या जेवणाच्या पंगतीतही तो मिटला नाही.

(दृश्य: पेडणे तालुक्यातली ग्रामसभा. सभागृह निम्मं भरलेलं.)

निवेदन:
मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्यातल्या जमिनीचे भाव पाहता पाहता चढले. समोर मंडळात बसलेल्या या बाई पंच आहेत, अभ्यासक्रमाच्या जुन्या विद्यार्थिनी. सुरुवातीला त्यांचे यजमान सभेला येऊन शेजारच्या खुर्चीत बसायचे. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं, "तुम्ही तिथं, लोकांत बसा. तुमचा प्रश्न असला तर हात वर करा." यजमानांनी हात वर केला नाही. सभा हसली, आणि तो विषय संपला.

आता उभा राहिलाय तो त्यांचाच बॅचमेट.

(प्रत्यक्ष आवाज)

"गेल्या सहा महिन्यांत मोठ्या इमारतींना किती परवाने दिले? आणि त्यांना पाणी कुठून देणार?"

सरपंच: "ते आपण नंतर बसून बोलू."

बाई पंच: "नंतर नको. सचिवसाहेब, लिहा. यादी पुढच्या ग्रामसभेत ठेवली जाईल. परवाना क्रमांकासकट."

"आणि पाण्याचं?"

बाई पंच: "पाणी विभागाच्या अभियंत्यांना सभेला बोलवायचा ठराव मांडा की. अनुमोदन कोणाचं?"

निवेदन:
तीन-चार हात वर गेले. त्यात यजमानांचाही होता. सचिवांनी दोनदा विचारून नावं लिहून घेतली आणि पुढचा विषय पुकारला: भटकी गुरं. निम्मी सभा एकदम बोलायला लागली.