पुतळीवरचा गुडघे टेकलेला माणूस

(काळं मखमली कापड. भिंगाखाली नाणं.)

हा माणूस गुडघे टेकून बसलाय. हातात निशाणाची काठी. ती त्याला देतोय तो संत मार्क, आणि बसलेला तो डोजे, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख. आपल्याकडे दोघांची नावं कुणी विचारली नाहीत. माणसं कोरलेली दिसली, नाव पडलं पुतळी.

१२८४ साली व्हेनिसनं हे नाणं पाडायचं ठरवलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. मग पाचशे वर्षं ना कस उतरला, ना चित्र बदललं. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात इजिप्त, तांबडा समुद्र असं करत ते आपल्या किनाऱ्याला लागलं. व्हेनिसमध्ये टांकसाळीला झेक्का म्हणत, म्हणून नाणं झेक्किनो. झेक्का आला अरबी सिक्क्यावरून. आपला शिक्काही त्याच घरचा!

(भिंग कडेवर सरकतं.)

नाण्यावर साल नसतं, डोजेचं नाव वाचून काळ ठरवायचा. हे पाहा: लुदोव्ह. मानिन. शेवटचा डोजे. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक संपलं.

आता शेजारचं. चित्र तेच, पण अक्षरं? नुसत्या काड्या नि ठिपके. हे आपल्याकडच्या कारागिराचं काम. लॅटिन येत नव्हतं, डोळ्यांना दिसलं तसं कोरलं. संग्राहक याला नक्कल म्हणून बाजूला सारतात. आम्हाला विचाराल तर अख्ख्या ट्रेमध्ये बघण्यासारखं हेच आहे.

(नाणं उलटतं.)

मागच्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. आणि अशा पुतळ्यांची माळ घालून कितीतरी सासुरवाशिणी मंगळागौरीला बसल्या.

बहुतेक पुतळ्या मोडीत गेल्या, आटल्या. उरलेल्यांपैकी शंभर वर्षांपुढचं नाणं कायद्यानं पुरावस्तू, खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

(वरच्या कडेवर डाखाचा डाग: माळेत ओवायची कडी इथे जोडलेली.)

लिलावात कडी लावलेलं, भोक पाडलेलं नाणं मागे पडतं. काहीजण कडी काढून, कड घासून विकतात. नाणी दाखवणारे हे गृहस्थ, नाव नको म्हणाले, ते कडीवालीच शोधतात.

(सोनाराचा काटा. आकडे थांबतात.)

३.६१.

कोरं नाणं ३.४९ च्या आसपास भरतं. वरचं वजन कडीचं.