खुर्चीतून किती वेळा उठता येतं?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरी आरती झाली, प्रसाद हातावर पडला आणि त्या घरच्या वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, धाकटी बारावीला आहे. एक्सरसाइज सायन्स, म्हणजे व्यायामविज्ञान, घ्यायचं म्हणते. पण एवढं शिकून शेवटी जिममध्येच उभं राहायचं ना?" त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही. ते उत्तर आज देते, कारण हा प्रश्न ग्वाल्हेरातल्या आणखी पुष्कळ घरांत असेल.

आधी माझ्याविषयी. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी वारंवार सांगायची, "बाई, उडी मारून खाली आलं की गुडघा दुखतो." मी तिला म्हटलं, सहन कर, सवय होईल. सवय झाली नाही. पुढे त्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिचा खेळ सुटला. ती खाली येताना दोन्ही गुडघे आत वळवत होती, हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ मला कोणी शिकवला नव्हता. आज हा विषय शिकलेल्या मुलांना तो अर्थ कळतो. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि उडी मारून खाली कसं यायचं, मांडीचे मागचे स्नायू कसे मजबूत करायचे, हे रीतसर शिकवलं तर तो धोका बराच कमी होतो. आपल्या शहरातल्या कंपू भागात मुलींची राज्य हॉकी अकादमी आहे. अशा ठिकाणी प्रशिक्षकाच्या जोडीला स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचा, म्हणजे ताकद आणि दम वाढवण्याचा, जाणकार लागतो, तो याच कामासाठी.

आता मूळ प्रश्न. ह्या पदवीत शिकवतात तरी काय? स्नायू फुगवायला नाही शिकवत. शरीर श्रम करतं तेव्हा हृदय, फुप्फुसं, स्नायू, सांधे काय करतात ते मोजायला शिकवतात, आणि त्या मापावरून कोणाला किती श्रम द्यायचे ते ठरवायला.

एक उदाहरण सांगते. आमच्या शेजारच्या काकू बहात्तर वर्षांच्या. जिना चढायला घाबरायच्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता हेच काम करते, तिला मी घरी बोलावलं. तिनं ना मशीन आणलं ना डंबेल. साधारण 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. काकूंना म्हणाली, "हात छातीवर घ्या आणि 30 सेकंदांत जमेल तितक्या वेळा पूर्ण उभ्या राहून परत बसा." काकू सात वेळा उठल्या आणि धापा टाकत थांबल्या. ह्या चाचणीत सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बायकांसाठी दहापेक्षा कमी म्हणजे पडण्याचा धोका जास्त, असं मानतात. तिनं डॉक्टरांची फाइल पाहिली. काकू रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत होत्या. ह्या गोळीनं नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज बांधला तर फसगत होते. म्हणून तिनं काकूंना बोर्गची पट्टी शिकवली. गुन्नर बोर्ग ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानं बनवलेली ही पट्टी 6 पासून 20 पर्यंत असते. सहा म्हणजे काहीच त्रास नाही, वीस म्हणजे यापुढे जमतच नाही. "काकू, बारा-तेराच्या वर जायचं नाही," एवढी सूचना. तीन महिन्यांत काकू सातवरून अकरावर आल्या.

वहिनींना मी हेच दाखवायला हवं होतं. हे काम दवाखान्यांतही आहे. हार्ट अटॅक किंवा बायपासनंतर रुग्णाला पुन्हा चालतं करायचं असतं, त्याला कार्डिअ‍ॅक रिहॅब म्हणतात. 30 मीटरच्या सरळ पट्ट्यात सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो ते पाहायचं, त्यावरून पुढचे आठवडे आखायचे. भारतात आज दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असं आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. गोळी लिहून देणारे डॉक्टर आहेत, पण "रोज चाला" म्हटल्यावर किती, कसं, कोणत्या वेळी आणि गुडघा दुखत असेल तर काय, हे बसून सांगणारं माणूस फार थोड्या दवाखान्यांत भेटतं. माझ्या मते पुढच्या काळात ग्वाल्हेरसारख्या शहरात सगळ्यांत जास्त गरज इथेच आहे.

एक गोष्ट मात्र पालकांनी स्पष्ट समजून घ्यावी. ही पदवी घेऊन कोणी फिजिओथेरपिस्ट होत नाही. त्यासाठी बीपीटी ही फिजिओथेरपीची स्वतंत्र पदवी आहे. दुखण्याचं निदान करणं आपलं काम नाही. डॉक्टर आणि फिजिओ यांच्याबरोबर बसून व्यायामाची मात्रा ठरवणं आपलं काम आहे. ही मर्यादा पाळणाऱ्या मुलांवर डॉक्टर विश्वास टाकतात, हे मी पाहिलं आहे.

आता मैदानाकडे. पहाटे मुरारच्या किंवा भिंड रोडच्या बाजूला गेलात तर सैन्यभरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. 1.6 किलोमीटरची दौड मिनिटा-सेकंदात बसवायची असते. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, भरती जवळ आली की एकदम दुप्पट धावायचं. मग नडगी दुखायला लागते, कोणी हळद लावतं, कोणी इंजेक्शन घेऊन येतं. नडगीच्या हाडाला बारीक भेग पडली तर त्या पोराचं वर्ष वाया जातं. ह्या मुलांना दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेणारा, एक दिवस सक्तीनं विश्रांती देणारा, पायातला बूट तपासणारा माणूस हवा आहे. चंबळच्या पट्ट्यात गावोगावी फिजिकलच्या अकादम्या निघाल्या आहेत. तिथे शिकलेला प्रशिक्षक मिळाला तर किती घरांचं भलं होईल!

स्पर्धात्मक खेळातलं काम वेगळं. स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियानं फिजिऑलॉजी (शरीराचं काम), बायोमेकॅनिक्स (हालचालींचं शास्त्र), स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग अशा शाखांतले तज्ज्ञ हाय परफॉर्मन्स अ‍ॅनालिस्ट म्हणून घेतले आहेत. आपल्या रूपसिंह स्टेडियमवर 24 फेब्रुवारी 2010 ला सचिन तेंडुलकरनं एकदिवसीय सामन्यात पुरुषांमधलं पहिलं द्विशतक केलं, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं. त्या दिवशी तो छत्तीस वर्षांचा होता आणि पहिल्या चेंडूपासून पन्नासाव्या षटकापर्यंत मैदानात होता. त्या वयात शरीर तेवढा वेळ कसं टिकवायचं, हा प्रश्न ह्याच विषयाचा.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एनआयएसचा, वर्षभराचा डिप्लोमा आजही वजनदार मानतात. शाळेत खेळाचा शिक्षक व्हायचं असेल तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागते, नुसती व्यायामविज्ञानाची पदवी तिथे पुरत नाही. प्रवेश घेण्याआधी ही चौकशी करा. कॉलेजात शिकवायचं तर एमपीएड, म्हणजे त्याच्या पुढची पदव्युत्तर पदवी, आणि नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. आपल्याकडे तर हे सगळं दाराशी आहे. 1857 च्या लढ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, 17 ऑगस्ट 1957 ला, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं इथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं. तेच आजचं एलएनआयपीई, म्हणजे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं तिथे येतात आणि आपल्या गल्लीतली मुलं मात्र बाहेरगावच्या इंजिनीअरिंगची फी भरतात, याचं मला वाईट वाटतं. दिव्यांग खेळाडूंसाठीचं प्रशिक्षण केंद्रही आता ह्याच शहरात आहे. व्हीलचेअरवरच्या खेळाडूच्या खांद्यावर केवढा ताण येतो, त्याला कोणता व्यायाम द्यायचा, हा अजून फार कमी लोकांनी हातात घेतलेला विषय आहे.

आणि जिमचं काय? जिमचं काम हलकं नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की आपल्या देशात जिम ट्रेनर व्हायला कुठल्याही सरकारी परवान्याची अट नाही, त्यामुळे शिकलेला आणि न शिकलेला एकाच टी-शर्टमध्ये उभे असतात. फरक दाखवायला एसीएसएम किंवा एनएससीएसारख्या अमेरिकन व्यायामविज्ञान संस्थांची परीक्षा उपयोगी पडते. एनएससीएच्या सीएससीएस ह्या स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगच्या परीक्षेला तर पदवीच लागते. आणि मुलांनो, पावडरच्या डब्यावर कमिशन घेऊ नका. डब्यात भेसळ निघाली आणि खेळाडू नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, डोप चाचणीत सापडला, तर बंदी त्या खेळाडूवर येते, डबा विकणाऱ्यावर नाही.

जवळच्या मालनपूरच्या कारखान्यांकडेही बघा. दिवसभर पोती उचलणाऱ्या, एकाच जागी उभं राहणाऱ्या कामगाराची कंबर जाते. उचलायची पद्धत बदलणं, टेबलाची उंची बदलणं, मधे दोन मिनिटं ताणायला लावणं, याला अर्गोनॉमिक्स म्हणतात. परदेशी जायचं असेल तर ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टची फी त्यांच्या सरकारी मेडिकेअर योजनेतूनही मिळू शकते, इतकं हे काम तिथे रुळलं आहे.

पालकांना एकच विनंती. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा इमारत पाहू नका, प्रयोगशाळा पाहा. ट्रेडमिल चालू आहे का, मुलांचा हात त्यावर रोज पडतो का, शेवटच्या वर्षात दवाखान्यात किंवा संघाबरोबर काम करायला पाठवतात का, हे तिथल्याच मुलांना विचारा.

वहिनींची धाकटी आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी ती आमच्याकडे आली आणि काकूंच्या घरी गेली. खुर्ची भिंतीला टेकवली, मोबाइलवर 30 सेकंद लावले, म्हणाली, "काकू, हात छातीवर." काकू तेरा वेळा उठल्या. तिनं वहीत तारीख घातली, तेरा लिहिलं आणि विचारलं, "पट्टीवर किती वाटलं?" काकू म्हणाल्या, "बारा. आणि चहा ठेवायला मीच उठते."